खालची बाटली

महिन्याच्या पाच तारखेला
कंपनीची जीप दोन पिशव्या ठेवून जाते.
एकीत बर्फ, एकीत रिकाम्या बाटल्या,
आणि लिंग्रस साहेबांचा तोच निरोप :
सगूबाई, वरनं भरा.

वर म्हणजे सड्याच्या कडेखाली,
जिथं जांभ्यातनं ओढा नुकताच सुटतो,
इतका नितळ की बाटली भरली का नाही
ते हातातल्या वजनावरनंच कळतं.
आठ महिने मी तिथंच भरलं.
आठ महिने कोल्हापूरहून कागद आला : पाणी चांगलं.
कागद खोटा नव्हता.
त्या पाण्याला काही झालंच नव्हतं.

खाणीचं लाल पाणी येऊन मिळतं
ते तीन ताली खाली,
धाकलू झोऱ्याच्या नाचणीपाशी.
तिथल्या कुर्ल्या दगडाखालनं उठून
काठावर येऊन बसल्यात,
एसटी चुकलेल्या माणसांसारख्या.
परवा म्हशीनं तोंड घातलं, तसंच काढलं.
तिला कागद दाखवून उपयोग नव्हता.

मी खाणीच्या विरोधात नाही.
आमचं माणूस तिथंच डंपरवर आहे.
छपरावरचं गवत जाऊन पत्रा आला तो त्या पगाराचा,
थोरली गडहिंग्लजला नर्सिंग शिकते
तिची फी बॉक्साइटची,
पायातली चप्पलसुद्धा.
ग्रामसभेत ‘खाण बंद करा’ म्हणून जे ओरडले
त्यांचा पोरगा पुण्यात आहे.
मी एवढंच मागितलं होतं :
गाळ बसायला अजून एक खड्डा,
ओढ्यापासनं शंभर पावलं लांब,
आणि पावसात त्या उतारावरनं गाड्या नकोत.
साहेब म्हणाले, खड्ड्याला खर्च येतो.
मी म्हटलं, खणायचं मशीन तर तुमच्याकडं उभंच आहे की.
ते हसले. मीपण हसले.
खड्डा झाला नाही.

काल मी वरची बाटली भरली,
आणि मग खाली उतरले.

रात्री दोन्ही खिडकीत ठेवल्या.
मालक पाळीवरनं आले, हातपाय धुतले,
भाकरी मोडता मोडता म्हणाले,
चहा का ठेवलायस बाटलीत?
मी काही बोलले नाही.
ते उठले, बाटली कंदिलापुढं धरली.
वर बोटभर निवळ,
खाली आमच्या आठ वर्षांच्या पगाराचा रंग.
बराच वेळ तसेच उभे होते.
मग म्हणाले, बांध फुटला त्या दिवशी
मी बघितलं होतं गं.

मला सही येते, लिहिता येत नाही.
पहाटे त्यांनीच चिठ्ठीवर तारीख घातली,
जागा लिहिली : झोऱ्याच्या शेताखाली.
डिंक लावून अंगठ्यानं दाबून बसवली.
दारातनं जाताना एवढंच म्हणाले,
माझं अक्षर आहे म्हणून सांगू नकोस.

जीपला न देता
मी सातची एसटी धरलीय.
पिशवी मांडीवर, बर्फाचं पाणी लुगड्यात झिरपतंय.
घाटात गाडी हिसका देते,
रात्रभर तळाला बसलेलं सगळं
परत वर येतं.
कंडक्टर वाकून बघतो,
विचारतो, काय मावशी, कोकम का?

मी म्हणते, न्हाई.
एक फुल द्या. कोल्हापूर.