सदतीस सेकंद

मी दिवसातून साठदा आभाळात जाते
आणि जेवायला तळघरात.
पाचव्या मजल्यावर दार मिटतं,
एकोणनव्वदाव्यावर उघडतं,
मधल्या सदतीस सेकंदांत
मला तीच चार वाक्यं म्हणायची असतात:
दिवे मंद होतील, घाबरू नका.
मुलांचे हात धरा.
कानांना दडे बसले तर आवंढा गिळा.
ताइपे आपलं स्वागत करत आहे.

या खोक्याला खिडकी नाही.
नवरा-बायकोचं भांडण
साठाव्या मजल्यापाशी आपोआप थांबतं,
उतरताना तिथूनच पुढे सुरू होतं.

मंगळवारी दुपारी एक म्हातारे आले.
लांब बाह्यांचा कडक इस्त्रीचा शर्ट,
खिशात डोळ्याला लावायचं भिंग.
दार मिटलं तसे
मनगटाकडे बघत राहिले,
आणि वर पोचल्यावर म्हणाले,
"साडेछत्तीस. अर्धा सेकंद खोटं बोलतेस, पोरी."
लेक ओशाळली.
"बाबा घड्याळजी आहेत," म्हणाली,
बाबांना जरा ताप आहे म्हणावं तसं.

नाव कान ते-शेंग. दुकान वानह्वात,
औषधी मुळ्या विकणाऱ्याच्या शेजारी,
म्हणून त्यांच्या घड्याळांना ज्येष्ठमधाचा वास.
हा मनोरा चढताना त्यांनी गच्चीवरून पाहिला,
मग वीस वर्षं फिरकले नाहीत.
आज आले तेही शहर बघायला नव्हे.
लंबक बघायला.

माणसाच्या पोटात भीतीने गोळा येतो.
आमच्या इमारतीच्या पोटात तो कायमचाच आहे:
सोनेरी, सहाशे साठ टनांचा,
मनगटाहून जाड तारांना टांगलेला.
वारा तिला इकडे ढकलतो
तेव्हा तो तिकडे रेलतो.
त्या गोळ्यामुळेच ती उभी आहे.
पोरंटोरं त्याच्यासमोर दोन बोटं दाखवून फोटो काढतात.

चारला माझी ड्यूटी संपली तेव्हाही ते तिथेच होते,
कठड्यावर कोपर टेकून.
लेक वरच्या मोकळ्या सज्ज्यात जाऊन आली,
डोंगर बघून आली, आंब्याचं आइस्क्रीम खाऊन आली.

"हलला का?" मी विचारलं.
"आज वारा नाही."

मग बऱ्याच वेळाने, गोळ्याकडेच बघत:
"भूकंप झाला त्या सप्टेंबरात
दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती.
भिंतीवरून पडलेली घड्याळं, नुसती घड्याळं,
सगळी एक सत्तेचाळीसवर.
मी एकेक उघडायचो, पुसायचो,
लंबकाला बोटाने जरा ढोसायचो
आणि ते चालू लागायचं,
रात्री काही झालंच नाही असं.
मलाच लाज वाटायची.
एक बाई म्हणाल्या, फक्त काच बदला,
आत हात लावू नका.
काच बदलली.
न्यायला त्या आल्या नाहीत."

लेकीने आइस्क्रीमचा चमचा पिशवीत ठेवला.
ही गोष्ट तिलाही नवी असावी.

"अजून आहे?"
"दर शनिवारी काच पुसतो."

खाली ढग आला होता, शहर नव्हतं.
लोक तिकिटाचे पैसे वाया गेले म्हणून कुरकुरत होते.
ते मात्र कारागिराला कारागिराचं काम दिसावं तसे
त्या पोलादी पोटाकडे बघत होते.

"एवढा मोठा लंबक," ते म्हणाले, "आणि वेळ दाखवत नाही.
माझा हलतो तो काटे पुढे सरकावेत म्हणून.
हा हलतो,
काहीच सरकू नये म्हणून."
आणि भिंग काढून, पुसून,
न लावताच खिशात ठेवलं.

उतरताना मी उतारूंमध्ये उभी होते.
माझी वाक्यं यू-थिंग म्हणत होती,
माझ्यापेक्षा बरी म्हणते.
मी त्यांच्या मनगटाकडे बघितलं.
बाही खाली ओढून त्यांनी बटण लावलं होतं.

दिवे मंद झाले.
कानांना दडे बसले तर, ती म्हणाली,
आणि आम्ही तिघांनी
सांगितल्याबरहुकूम
आवंढा गिळला.