ऐंशी पावलं

झोपडीच्या ऐंशी पावलं अलीकडे एक खांब आहे.
सगळं तिथे काढायचं:
सुरी, किल्ल्या, पट्ट्याचं बक्कल,
कोटाची चेन लोखंडी असेल तर कोटसुद्धा,
उणे तीसमध्ये.
सोनं चालतं, ओइवा म्हणायचा,
आणि बोटातली अंगठी फिरवायचा.

झोपडीचे खिळे तांब्याचे.
आत लाकडी पेटीत तारेची वेटोळी, आणि अंधार.
त्यांना जे ऐकू येतं ते हवेतलं नाही.
वर, हवा संपते त्याच्याही पलीकडे,
सूर्याकडून वारा येतो,
वारा म्हणायचा, आहे प्लाझ्मा,
पृथ्वीच्या चुंबकी अंगरख्याला झोंबतो,
मागे शेपटासारखा ताणत नेतो.
शेपूट तुटतं, पुन्हा सांधतं,
आणि त्या हिसक्याचे भोवरे:
मोठ्याच्या पोटी लहान,
लहानाच्या पोटी त्याहून लहान,
शेवटी कुणाच्याच पोटी काही नाही,
नुसती ऊब.
एवढ्या दंग्यातलं खाली इनारीपर्यंत पोचतं
ते होकायंत्राच्या सुईच्या गावीही नसतं.
आमच्या कागदावर मात्र रेघ शहारते.

ओइवा रेघ वाचायचा.
"हे वादळ नाही. आस्लाकच्या रेनडिअरची घंटा आहे.
कुंपण पुन्हा मोडलंय."
आणि आस्लाकला फोन लावायचा, पहाटे तीनला.

एकतीस वर्षं.
मग गुडघे गेले, कान गेले,
कानात यंत्र आलं, यंत्रात चुंबक.
आता नोंदी मी बघते.
तो काठी टेकत गावातून फिरतो,
काठीला बर्फासाठी लोखंडी अणी.

परवा रात्रभर आभाळ हिरवं पेटलं होतं.
पहाटे चारनंतर रेघ निवली,
मी ती दोनदा तपासली.
सूर्याचं सूर्याच्या खात्यात टाकलं,
बाकी खडाही नव्हता.

अकराच्या निळ्या उजेडात बाहेर गेले
तर खांबाला काठी टेकवलेली.
डब्यात सुरी, किल्ल्या,
हातमोज्यात गुंडाळलेलं कानातलं यंत्र.
पुढे बर्फात पावलं नव्हती.
दोन तळवे, दोन गुडघे,
दोन तळवे, दोन गुडघे,
थेट झोपडीपर्यंत.
दाराच्या फटीतून श्वासाची वाफ येत होती.
हाक मारून उपयोग नव्हता.

रक्तात लोखंड असतं म्हणतात.
आमच्या यंत्राने तेवढं कधी धरलं नाही.

मी खिशातल्या किल्ल्या काढल्या,
परत ठेवल्या.
मफलरने काठीची अणी पुसत
खांबाशीच उभी राहिले.