शून्य बार्जी

आमोण्याच्या धक्क्यावर, कचेरीत
काळ्या पडद्यावर चार चौकटी,
मिठागराच्या बांधांसारख्या दुहेरी रेघा.
डावीकडे बार्जी, उजवीकडे टन,
खाली भरती-ओहोटीच्या वेळा,
वरच्या पट्टीत मेनू. बाण दाबायचा, एंटर मारायचा.
माउस लावायला जागाच नाही,
नवा इंजिनियर मागे वाकून
बराच वेळ चाचपत होता.

हे सगळं फिलुमेनने बसवलेलं.
सहाच्या ठोक्याला आपसूक चालणारी स्क्रिप्टही त्याचीच.
एकेचाळिसाव्या ओळीत, मशीन वाचत नाही अशा जागी,
त्याने लिहून ठेवलंय: फाल्यां सारकें करतां.
त्याचं फाल्यां
कुवेतच्या विमानात बसून गेलं.

खाण बंद पडली. सहाला प्रिंटर तरी खरखरतोच:
बार्जी शून्य, टन शून्य, सही.
मी सही करते.
कागद फाइलीत, फाइल कपाटात,
कपाटाचं दार आता लागत नाही.

सोमवारी धीर करून स्क्रिप्ट उघडली.
दोनच ओळी घातल्या:
शून्य असेल तर
गप्प राहा.

सहा वाजले.
मांडवीला पाणी चढत होतं, खालची चौकट
मिनिटाचाही फरक न करता तेच सांगत होती.
सव्वासहाला झिलू वॉचमन दार ढकलून आत आला,
टोपी हातात.
“बाय, मशीन मेलं?”

मंगळवारी माझ्या दोन्ही ओळी पुसल्या.
फिलुमेनच्या ओळीखाली मात्र एक राहू दिली,
मशीन वाचत नाही अशा जागी:
तशेंच आसूं दी.