पेव

आधी कंदील सोडायचा दोरीनं.
विझला, तर आज तालीम नाही.
हळद साठवणाऱ्यांचा नियम हा, हरिपुरातला;
काळे टी-शर्ट घालून आम्ही तो पाळला चार वर्षं.
महापुरात बाकीची पेवं खचली,
माझ्या चुलत्याच्या मळ्यातलं एक तगलं.
त्याच्या तोंडातून खाली गेली गिटार, अ‍ॅम्प,
मोटारीच्या पेटीतून ओढलेली वायर,
आणि बेस ड्रम काही केल्या जाईना.
म्हणून बिरा हाकेनं आटपाडीहून ढोल आणला.
नंतर लोक म्हणाले, काय विचार आहे यामागं!
विचार नव्हता. तोंड अरुंद होतं.

पहिल्या वर्षी आम्ही बर्फावर ओरडलो,
इंग्रजीत, नॉर्वेतल्या कुठल्याशा जंगलाबद्दल.
बर्फ आम्ही पाहिलेला गणपती पेठेत,
सरबताच्या गाड्यावर, पोत्याखाली.
तोंडाला झिंक पावडर, डोळ्यांभोवती काजळ,
पण भिंतीतली जुनी हळद झडायची घामावर
आणि भुतं व्हायला उतरलेले आम्ही
वर यायचो ते चार नवरदेव.

गायचा सॅमसन काळोखे.
त्याच्या आडनावाचं आम्हांला फार कौतुक.
बाप मिरजेचा, आई पुनोची,
अँडीजमधलं तळ्याकाठचं गाव, साडेबारा हजार फुटांवर.
मिशन हॉस्पिटलात नर्स. एउलालिया हे नाव
वॉर्डानं दोन दिवसांत लालीसिस्टर करून टाकलेलं.
एका रविवारी ती पेवाच्या तोंडाशी येऊन बसली.
सगळं ऐकलं. मग वाकून, अस्सल मिरजेच्या मराठीत,
"माझा बाप खाणीत असाच उतरायचा.
खाली जो असतोय, त्याला पहिलं काय तरी द्यायचं असतंय.
तुमी काय देताय?"

आम्ही एकमेकांकडं बघितलं.
बिरानं खिशातनं बिरोबाचा भंडारा काढला
आणि हळदीच्या पेवात हळद उधळली.
त्या दिवसापासून बर्फ बंद.

तिच्या ट्रंकेतून एक चरांगो निघालं, फुटकं,
पाठ कुठल्याशा खवल्याखवल्यांच्या प्राण्याची.
मुबीन सतारमेकरच्या अब्बांनी ते उलटंसुलटं केलं,
वास घेतला, म्हणाले, "भोपळा मिळत नाही का त्यांच्याकडं?"
आणि भोपळ्याची पाठ बसवून दिली. पैसे घेतले नाहीत.
मग वेळूच्या नळ्या, त्याही तिकडच्याच रीतीनं,
एक बासरी दोघांत वाटलेली:
सा सॅमसनकडं, रे माझ्याकडं, ग परत त्याच्याकडं.
एकट्याच्या हातात चाल कधीच पुरी नाही.
ढोल अंगावर धावून यायचा, गिटार करवतीसारखी,
आणि मधून आमचा दोघांचा श्वास
टाक्याटाक्यानं, गोधडी शिवल्यासारखा.

असल्या बँडांचं काही पेव फुटलं नाही सांगलीत.
आम्हीच होतो. ऐकणारे सतरा,
त्यातला एक चुलता, वीजबिलासाठी आलेला.

मग मला पाटबंधारे खात्याची ऑर्डर आली.
भांडण झालं असतं तर बरं झालं असतं.
सॅमसन म्हणाला, "जा की." एवढंच.
पुढच्या महापुरात, रात्रभर,
आयर्विन पुलावर मी फुटाफुटानं पाणी लिहीत होतो;
पन्नाशी ओलांडली तेव्हा कळलं,
ते आता तोंडापर्यंत भरलं असणार.

तिसरी रेकॉर्ड मुबीनच्या दुकानात झाली,
टांगलेल्या सतारींखाली. गिटारीला आता तरफा आहेत,
कुणी हात न लावता त्या शहारतात.
सॅमसन ओरडत नाही. आजारी माणसाशी बोलावं तसं गातो,
अर्धं मराठी, अर्धं आईचं.
सातव्या मिनिटाला वेळू येते. एकटी.
सूर, मग श्वासाएवढी जागा. सूर, मग जागा.
माझ्या वाटचं कुणी वाजवलेलं नाही.
मी फोन केला नाही. काय बोलणार.

सकाळी आठ. अठरा फूट चार इंच, उतरतंय.
वहीत लिहिलं, सही केली.
माझ्या अर्ध्या नळ्या ड्रॉवरमध्ये आहेत, शिक्क्याच्या पॅडशेजारी.
एकीत मुंग्यांनी घर केलंय.
फुंकून बघायला पाहिजे.