ट्रामचं तिकीट

रीगातलं तळघर, डिसेंबर.
तिसरा ट्रान्झिस्टर जळाला.
आउस्मानं नुसता वास घेतला.
"एकाच दिशेनं ढकलतोयस,
उसंत कुठंय?
प्रत्येक धक्क्यातलं थोडं
गाभ्यात मागे राहतं, गातिस."

पडद्यावर रेघ चढत होती
शहाण्यासारखी, तिरकी,
आणि मग एकदम उभी.
गाभा भरला
की वेटोळं म्हणजे नुसती तार,
कशालाच अडवत नाही.

मी म्हटलं, मोठा गाभा आणू.
तिनं कोटाच्या खिशातून
कालचं तिकीट काढलं,
कात्रीनं दोन तुकडे,
गाभ्याच्या अर्ध्यांमध्ये सारले,
पट्टी आवळली.
एवढीशी फट. कागदाएवढी.

रेघ तिरकीच राहिली.
वरून सात नंबरची ट्राम गेली.
टेबल हललं,
तिच्या चहावर वर्तुळं उठली
आणि ती पुन्हा सपाट होईपर्यंत
पुढचा धक्का दिला नाही मी.