दोडव्वाचा कान

गोवावेसच्या फ्लेक्सच्या दुकानात
पडद्यावर दोडव्वा उभी होती.
माझी दोडव्वा.
एकोणीस वर्षं दर रविवारी
जिला मी सायकलवर बसवून चोरांच्या मागं पाठवली,
ती आता एका बेकरीच्या उद्घाटनाला
हात जोडून हसत होती.

कुणी काढली? मी विचारलं.
"काढली न्हाई काका, लिहिली.
म्हातारी, सायकल, जुन्या पेपरातल्यासारखी.
चार आल्या. त्यातली ही बरी वाटली."
पोरगा सरळ होता. माझ्यासाठी चहा सांगितला.

रेष माझीच. पदराची ती तिरकी घडी,
जी बसायला मला दोन वर्षं लागली.
कोपऱ्यात सहीच्या जागी गढूळ वळवळ,
जणू कुणी माझं नाव चावून थुंकलंय.
मागं एक पाटी, तिच्यावरची अक्षरं
वरून कन्नडसारखी, खालून मराठीसारखी,
वाचायला गेलं तर कुठलीच नाहीत.
ज्या गावात पाटीवरच्या एका ओळीपायी
काचा फुटल्या, डोकी फुटली,
तिथं ही पाटी कुणालाच दुखवत नव्हती.

आणि कान.
दोडव्वाचा डावा कान धड होता.

खानापूर स्टेशनात एक बाई ताक विकायची.
तिच्या कानाची पाळी फाटून दोन झालेली.
कुणी ओढलं, का डागिन्याच्या ओझ्यानं,
मी कधी विचारलं नाही.
बघून आलो आणि काढला.
म्हणजे चोरी माझ्यापासनंच धरा.

त्याच्याही आधी, तेलाच्या दुकानातली
कॅलेंडरवरची लक्ष्मी उतरवून उतरवून
हात बसवलेला.
ती ज्याची, त्या गोकाकच्या चिताऱ्याकडं
वही घेऊन गेलो, शाबासकी मिळेल म्हणून.
त्यानं माझाच कान धरला:
"पाय कुठं हाईत रे हिचे?
छापणाऱ्यानं कापले म्हणून तूबी कापलास?"
तो कान अजून गरम होतो, कधीमधी.

मग शेवंता होनगेकर, सहावी ब, कंग्राळी बुद्रुक.
दुरेघी वहीच्या पानावर तिनं दोडव्वा पाठवली.
चाकं लाडवासारखी, हाताला तीन बोटं,
पण कान बरोब्बर फाटका,
वर हळदीचा बोळा बांधलेला, पिवळ्या खडूनं.
खाली लिहिलेलं:
"तुमची दोडव्वा न विचारता काढली. रागावू नका.
तिचा कान दुखतो का?"

मी उत्तर दिलं नाही.
दोन रविवारांनी माझ्या चित्रात
दोडव्वाच्या कानाला हळद लागली.
लोकांना फार आवडली ती हळद.
शेवंताचं नाव मी कुठंच घातलं नाही.

"काय चुकलंय का काका?"
कान, मी म्हणालो.
त्यानं दोन शब्द टाइप केले. कान फाटला.
सुबक फाटला.
दुसऱ्या खेपेला दोन्ही फाटले,
थोडं रक्तही आलं.
"कमी करू?"

आता कान धरायचा कुणाचा?
पोराचा धरवेना. त्याच्या मागं जे काय आहे
त्याला हजारांचे हात आहेत, कान एकही नाही.
ते वही घेऊन कुणाच्या दारात गेलं नाही,
रागावू नका म्हणालं नाही.
मीही नव्हतो म्हणालो.
आणि माझ्याकडं तर पत्ता होता,
पिन कोडासकट.

चहाचे पैसे त्यानं घेतले नाहीत.
घरी येऊन एका पाठकोऱ्या कागदावर लिहिलं,
शेवंता, होय.
थंडीत जास्त.

पाकिटावर होनगेकर लिहिलं आणि थांबलो.
चौतीस वर्षांत
आडनाव बदललं असेल.