कोर्बेइरोपर्यंत

सकाळी सातला सबेलाने हॉर्न वाजवला, दोनदा,
चाळीस वर्षांपूर्वी वाजवायची तसाच,
तेव्हा माझी आई खिडकीतून ओरडायची,
"आलं बघ तुझं वादळ!"
आई नाही. खिडकी आहे.
हॉर्न जरा घोगरा झालाय.

"पाट्या तू वाच," ती म्हणाली, "रस्ता मला पाठ आहे."
मग मी वाचत बसले.
गाव संपलं. गाव सुरू झालं.
गाई आडव्या येतात, सावकाश.
मध मिळेल. बटाटे मिळतील.
जुना दवाखाना, डावीकडे.
ती प्रत्येक पाटीला मान हलवायची,
बाजारात कुणी ओळखीचं भेटावं तशी.

निलगिरीच्या रानात धुकं अडकून पडलेलं.
कडेला दगडी खांबांवर धान्याची कोठारं,
खांबांना उंदरांसाठी चकत्या,
छपरावर क्रूस.
"आजोबा म्हणायचे, वरचा देवाला दाखवायला,
खालच्या उंदरांना,
आणि मका मात्र आपला."
हे तिनं सांगितलं तेव्हा कोठार मागे पडलं होतं.
तिला ते दिसलं नव्हतं.
मी "आत्ताच एक गेलं" म्हटल्यावर आठवलं.

समोरच्या कप्प्यात पेपरमिंटखाली
डॉक्टरांचा कागद आहे.
कडा गेल्यात, मधलं शिल्लक आहे;
कुलपाच्या भोकातून बघावं तेवढं.
सोमवारी ती गाडी पुतण्याला देणार.
हे तिनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही.
पेपरमिंट काढताना
आळीपाळीनं कागद बाजूला सारत राहिलो.

समुद्र एकदम आला नाही.
आधी पवनचक्क्या, मग कुजक्या शेवाळाचा वास,
मग एक वळण,
आणि सबेलाने भर रस्त्यात ब्रेक मारला.
"किती आहे?"
"काय किती?"
"डावीकडे. अजून किती आहे?"
मागून ब्रेडवाल्याची गाडी ओरडत होती.
मी नीट पाहिलं, हिशेब द्यायचा असल्यासारखं.
"बेटापर्यंत आहे," म्हटलं,
"बेटाच्या पलीकडेही थोडा."
"बरं," ती म्हणाली,
आणि ब्रेडवाल्याला हात करून गिअर टाकला.

कोर्बेइरोत चौदा होड्या, एक धक्का, एक बार.
लिलाव आटपलेला;
एक पोरगा पाण्याच्या नळीने खवले ढकलत होता,
तळहाताला टाके.
खडकावरून शिंपले खरवडताना लाट आली, म्हणाला,
जसं कुणी म्हणावं, बस चुकली.

शेडमध्ये एरुंदिना जाळं विणत होती.
एक टोक पायाच्या अंगठ्याला अडकवलेलं,
सुई चालू, नजर आमच्यावर:
कुणाच्या तुम्ही, लग्नं झाली का, मग काय झालं.
बोटं तिकडे स्वतःचा संसार करत होती.
सबेला वाकली. "न बघता?"
"बघितलं की चुकतं गं," म्हातारी म्हणाली,
"बघणं विकत घेणाऱ्यांचं काम."
सबेलाने जाळ्यावर हात ठेवला.
बराच वेळ ठेवला.
म्हातारीने तिच्या बोटांभोवतीनं दोन गाठी मारल्या
आणि पुढे सरकली.

बारमध्ये सार्डिन खाल्ले, मक्याच्या ब्रेडवर,
काट्यांसकट, बोटं चाटत.
मालक महागाईवर बोलला, मग फुटबॉलवर,
मग पुन्हा महागाईवर.
बिलावरून भांडलो. ती जिंकली.

बाहेर आल्यावर चावी माझ्या हातात.
काही न बोलता, सुट्टे पैसे द्यावेत तशी.
मी पन्नाशीत शिकले गाडी, तेही वाईट.
चढावर इंजिन दोनदा बंद पडलं;
सीगल हसले, तो टाके घातलेला पोरगाही.

"आता पाट्या मी वाचते," सबेला म्हणाली
आणि डोळे मिटून मागे टेकली.
बटाटे मिळतील. मध मिळेल.
डावं-उजवं बरोबर उलटवून:
जुना दवाखाना, उजवीकडे.
एक पाटी तिनं मनानं घातली,
चेरीचं झाड, थांबू नका.
मी शोधलं. तिथे पेट्रोल पंप होता.

मी गिअर बदलला. घर्र झालं.
"हळू," ती म्हणाली, डोळे तसेच मिटलेले,
"गाई."
आणि वळणापलीकडे
खरंच गाई होत्या.